हिरवा दिवा

खोक्यात सगळं होतं.
मॉडेम, अडॅप्टर, पिवळी वायर, करडी वायर,
फिल्टर म्हणून काडेपेटीएवढी एक डबी
आणि एक पुस्तिका, मराठी सोडून
बाकी सगळ्यांशी बोलणारी.
पेन्सिलीने रेघा मारत वाचली,
ऑफिसची परिपत्रकं वाचायचो तशी.

अडतीस वर्षं प्रेसमध्ये काढली, नाशिकरोडला.
कागद उजेडापुढे धरायचा,
आतला ठसा बघायचा, डाग बघायचा.
चांगला इकडे, खराब तिकडे.
याहून जास्त मला येत नाही
आणि येत असलं तरी सांगायची परवानगी नाही.

पहिला दिवा लागला. म्हणजे वीज आहे.
दुसरा लुकलुकत राहिला.
पुस्तिका म्हणते, लुकलुकतोय म्हणजे शोधतोय.
शोध बाबा.
मंदाने तीनदा विचारलं, झालं का?
चौथ्यांदा नुसतंच जेवायला वाढलं.
रात्री अकराला उठून बघितलं,
अंधारात तो एकटाच डोळे मिचकावत होता.

तिसऱ्या दिवशी बिटकोच्या एक्स्चेंजमधून
वाल्मीक खैरनार आला. खांद्याला पट्टा, कानाला बट लावायचा फोन.
रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेला माणूस.
मला म्हणाला, काका, तार एकच आहे,
पण आता तिला दोन मजले.
खाली तुमचं बोलणं, वरती हे बाकीचं सगळं.
फिल्टर म्हणजे जिन्यातला वॉचमन.
तुम्ही तो मॉडेमच्या दारात बसवलाय,
वर कुणाला सोडतच नाही तो.

डबी काढून फोनला लावली.
दिवा तरीही लुकलुकतच.

मग तो तारेमागे निघाला,
सीताफळाच्या फांदीतून, कटाऱ्यांच्या गच्चीवर.
मी खाली, मान वर करून.
वर बराच वेळ काहीच आवाज नाही.
मग म्हणाला, सापडला.
दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला एक सांधा,
वर सुतळी, सुतळीवर बावीस उन्हाळे.
पिशवीवरची गाय पार पुसून गेलेली.
हा माझाच हात आहे काका, तो म्हणाला,
गाठ ओळखली मी.
तेव्हा आवाज जाण्यापुरता पुरे होता.

त्यावर मी काय बोलणार?
त्याच सांध्यातून मुलीचं लग्न ठरलं होतं,
त्याच सांध्यातून आई गेल्याचं कळलं होतं,
मधेमधे खरखर यायची, आम्ही म्हणायचो
मोठ्याने बोला, मोठ्याने.

त्याने तार कापली, दातांनी सोलली.
आत तांबं अजून लाल होतं.

आता दुसरा दिवा स्थिर.
हिरवा, तुरटीने धुतल्यासारखा.
नाव टाका, म्हणाला.
मी टाकलं: दुसाने.
नाही म्हणालं.
पुन्हा सावकाश, एका बोटाने: दुसाने.
नाही.
खैरनारने बिल मागितलं आणि हसला.
बिलावर पहिल्यापासून मी 'दुसणे' आहे.
सात वर्षं वाट बघून मिळालेला फोन,
कोण अर्ज करून दुरुस्त करणार?
दुरुस्तीत नंबरच गेला तर?

अडतीस वर्षांत एक खराब कागद
चांगल्यात जाऊ दिला नाही.
आज स्वतःच्या हाताने चुकीचं नाव टाकलं
आणि तिसरा दिवा लागला.

खैरनारने चहा घेतला, सही घेतली.
काय बघणार काका, विचारलं.
मला काहीच आठवेना.
तुम्हाला काय बघायचंय, मी विचारलं.
तो म्हणाला, मला अजून दोन तक्रारी आहेत जेल रोडला.
गेला.

तेवढ्यात फोन वाजला.
नेट चालू असताना वाजला.
मंदा स्वयंपाकघरातून धावत आली,
जणू बंद घरातून कुणी हाक मारली.
सिन्नरहून बहीण. आवाज इतका स्वच्छ
की तिच्या मागची कुकरची शिट्टी ऐकू आली.
सवयीने मी मोठ्याने बोललो,
ती म्हणाली, अरे ओरडतोस काय?
काय करतोयस?

काही नाही गं, म्हटलं,
दिवा बघतोय.